घराचं वायरिंग: जोडणं, उघडणं, पुन्हा वापरणं. किनाऱ्यावरच्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोलीपासून मालवणपर्यंतची माणसं मला विजेच्या कामाबद्दल जे विचारत असतात, ते इथे एका जागी लिहिलं आहे. बरेचसे प्रश्न मे महिन्यात आणि गणपतीच्या आधी येतात, कारण बंद घरं तेव्हा उघडतात. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. एकच गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चक्रीय अर्थव्यवस्था हा मोठा शब्द झाला. माझ्या घरच्या वायरिंगशी त्याचा काय संबंध?

जुनं घर उतरवताना आपण काय करतो ते आठवा. कौलं एकेक करून खाली येतात, फुटकी बाजूला होतात, बाकीची पुन्हा चढतात. वासे, चिरे, सागवानी दरवाजे नव्या घरात जातात. कोकणात हे कुणाला शिकवावं लागलेलं नाही. वायरिंग मात्र आपण खेचून तोडतो आणि पोत्यात भरून देऊन टाकतो.

चक्रीय अर्थव्यवस्था म्हणजे एवढंच: कौलाला जो नियम, तोच वायर, पंखा, पंप, बोर्ड आणि बॅटरीला लावायचा. आहे ती वस्तू जास्त वर्षं वापरायची. बिघडली तर दुरुस्त करायची. इथे नको असेल तर दुसरीकडे वापरायची. यातलं काहीच जमत नसेल तेव्हा वितळवायला पाठवायची. वितळवणं ही शेवटची पायरी आहे, पहिली नाही. शिवाय विजेला एक अट आहे जी कौलाला नाही: काही वस्तू कितीही चांगल्या दिसल्या तरी पुन्हा वापरायच्या नसतात. त्या कोणत्या, ते प्रश्न ९, १० आणि १९ मध्ये आहे.

२. एका घरात तांबं असतं तरी किती, की एवढा विचार करावा?

हिशेब सोपा आहे. दीड चौरस मिलिमीटरच्या ९० मीटर बंडलात सुमारे १.२ किलो तांबं असतं, अडीचच्या बंडलात २ किलो, चारच्या बंडलात ३.२ किलो. दोन खोल्या, माजघर, स्वयंपाकघर आणि पडवी अशा घराला दीडची सहा, अडीचची तीन आणि चारचं एक बंडल लागलं, तर भिंतीत १६ किलोंच्या आसपास तांबं बसलं. त्यात पंख्यांचं आणि पंपाचं वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तांब्याच्या तारेची गुंडाळी, धरलेलं नाही.

तांबं कितीही वेळा वितळवलं तरी त्याचा गुण कमी होत नाही. आणि २०१८ मध्ये तमिळनाडूतल्या तुतिकोरिनचा तांबं बनवणारा मोठा प्रकल्प बंद पडल्यापासून आपल्या देशाला शुद्ध तांबं बाहेरून जास्त आणावं लागतं. म्हणजे तुमच्या भिंतीत एक छोटी खाणच आहे.

३. मुंबईच्या घरातलं वायरिंग टिकतं, गावच्या घरातलं लवकर का खराब होतं?

खारा वारा आणि ओल, दोन्ही मिळून. हवेतून आलेलं मीठ जोडावर बसतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि धातू खायला सुरुवात करतं. वेगवेगळे धातू एकमेकांना चिकटलेले असतील, जसं तांब्याच्या तारेवर लोखंडी स्क्रू, तर खाण्याचा वेग वाढतो. त्यात घर महिनोन्‌महिने बंद असेल तर बोर्डात ऊबही नसते आणि हवाही खेळत नाही.

गुहागरच्या एका पडवीतला बोर्ड उघडला तो प्रसंग अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. स्क्रूंची डोकी हिरव्या पुडीखाली दिसतच नव्हती. पेचकस लावला तर डोकंच तुटून हातात आलं. आत एका कोपऱ्यात कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं आणि न्यूट्रलच्या तारेचं टोक कोळशासारखं काळं. ती तार बोटभर मागे कापली, आणखी बोटभर कापली, आणि तिसऱ्या कापाला लालसर चकचकीत तांबं दिसलं. पुढची तार मीटरने मोजली, ती उत्तम होती. टाकायला निघालेल्या त्या वायरिंगचा बिघाड वीतभर टोकात आणि चार स्क्रूंत होता. किनाऱ्यावर बहुतेक वेळा असंच असतं, मार जोडाला बसतो, लांबीला नाही.

४. जुनं वायरिंग ठेवायचं की काढायचं, हे ठरवायचं कसं?

वय विचारून नाही, मेगर (इन्सुलेशन किती चांगलं आहे ते मोजणारा मीटर) लावून. मेन बंद, सगळी उपकरणं आणि दिवे काढलेले, मग ५०० व्होल्टच्या मेगरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ असं प्रत्येक सर्किट मोजायचं. आयएस ७३२ या वायरिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान १ मेगाओहम हवा. निरोगी वायरिंग याच्या कितीतरी पट वर दाखवतं. त्यामुळे जेमतेम १ च्या वर असलेल्या सर्किटवर मी लगेच शिक्का मारत नाही. आधी बोर्डातले जोड उघडून साफ करतो, पुन्हा मोजतो. आकडा उडी मारून वर गेला तर दोष जोडात होता. जागचा हलला नाही तर वायर काढावी लागते.

दोन गोष्टी आवर्जून सांगतो. हे मोजमाप पावसात, जुलै-ऑगस्टमध्ये करून घ्या. मे महिन्यात कोरड्या भिंतीवर सगळंच पास होतं. आणि इन्सुलेशन हाताने वाकवून बघा. वाकवल्यावर भेगा पडल्या किंवा पापुद्रे सुटले तर आकडा काहीही येवो, ती वायर काढायची.

५. आजोबांच्या वेळचं लाकडी पट्टीवरचं वायरिंग आहे. त्यातलं काय वाचवता येईल?

वायर नाही. त्या काळातली बरीच वायर रबराच्या आवरणाची असते. ते रबर कडक होऊन भुगा होतं, आणि वाळवी लागलेल्या पट्टीवर ती वायर नुसती क्लिपांच्या आधाराने लटकत असते. शिवाय अनेक घरांत अर्थची तार अशी नसतेच. तांबं काढून वेगळं ठेवा, ते पूर्ण मोलाचं आहे.

सागवानी गोल ठोकळे आणि न किडलेले बोर्ड मात्र फेकू नका, पॉलिश करून तेच नव्या स्विचखाली बसवता येतात. चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आता संरक्षणासाठी ठेवू नयेत. त्यात कुणी कधी कोणती तार घातली हे समजायला मार्ग नसतो. पितळी स्विच आणि जुने दिवे यांचं प्रश्न २१ मध्ये पाहा.

६. आमच्या इमारतीत ॲल्युमिनियमची वायर आहे. ती चालू आहे, मग बदलायची का?

हो, आणि तिच्यात नवीन तांब्याची वायर पिळून जोडू नका. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू सरकतं, जोड सैल होतो, तापतो. त्यात खाऱ्या हवेत तांब्याला चिकटलेलं ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्लं जातं. एकदम सगळं बदलणं परवडत नसेल तर गीझर, एसी आणि स्वयंपाकघराची सर्किट आधी करा आणि मधल्या काळात जिथे दोन धातू भेटतात तिथे बायमेटल लग (एका बाजूला तांबं, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियम असलेला जोडाचा तुकडा) वापरा. काढलेलं ॲल्युमिनियम वेगळं ठेवा. खनिजापासून नवं बनवण्यापेक्षा जुनं वितळवायला सुमारे ९५ टक्के ऊर्जा कमी लागते.

७. नवीन घर बांधतोय. पुढे सहज उघडता, काढता येईल असं वायरिंग कसं करून घेऊ?

हा प्रश्न बांधकाम सुरू होण्याआधी विचारलात तर खूप काही हातात असतं, गिलावा झाल्यावर फार थोडं.

पहिलं, पाइप कुठून न्यायचा ते ठरवा. चिऱ्याची उघडी भिंत खोदून त्यात पाइप पुरायचा आणि सिमेंटने बुजवायचा, हे मला पटत नाही. चिरा खोदताना बाजूने कपचे उडतात, आणि पुढे एक वायर बदलायची तर पुन्हा खोदकाम. त्यापेक्षा पाइप वरून न्या, वासा किंवा तुळईच्या कडेने, आणि खाली उतरताना दाराच्या चौकटीलगत. ओपन वायरिंग नीट ओळीत केलं तर चिऱ्यावर शोभून दिसतं. ज्यांना कन्सीलच हवं त्यांनी निदान पाइप एक माप मोठा घ्यावा, कोपऱ्यावर ताठ एल्बो न घालता लांब बेंड घालावा आणि निम्मी जागा मोकळी ठेवावी. जुनी वायर ओढताना तिच्याच मागे नवी वायर आत आली पाहिजे. ही परीक्षा काम चालू असतानाच घ्या. वायरमनला सांगा, "ही एक वायर बाहेर काढून परत घालून दाखव." अडकली तर आत्ता दुरुस्त होईल.

दुसरं, जोड फक्त बॉक्समध्ये. पाइपाच्या मधे टेप मारलेला एकही जोड नको. बॉक्सात वीतभर जास्तीची वायर गुंडाळून ठेवा. किनाऱ्यावर टोक खराब होतं हे प्रश्न ३ मध्ये सांगितलं, ते कापून पुन्हा जोडायला ही वीतच कामाला येते. एवढ्याशा वायरीसाठी पुढे अख्खं सर्किट वाचतं.

तिसरं, स्क्रू. बोर्ड आणि पडवीतल्या बॉक्सांना ३१६ प्रतीचं स्टेनलेस वापरा. ३०४ प्रतही चकचकीत दिसते, पण समुद्रालगत तिच्यावर तांबूस ठिपके येतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला दाद देत नाही. स्क्रू निघाला तर बोर्ड दुरुस्त होतो, नाही निघाला तर फोडावा लागतो.

डीबीमध्ये, म्हणजे घरातली सगळी सर्किट जिथून निघतात त्या पेटीत, ३५ मिलिमीटरच्या पट्टीवर बसणारे एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा खटका) आणि आरसीसीबी (वीज गळली की पडणारा खटका) घ्या, म्हणजे उद्या दुसऱ्या कंपनीचा तुकडाही त्याच जागेवर बसेल. चार जागा रिकाम्या ठेवा. उघड्यावरच्या बॉक्सला किमान आयपी ६५ (धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून बचावाची प्रत) हवं आणि वायर नेहमी खालून आत आणायची, वरून नाही, नाहीतर पावसाचं पाणी तारेवरून चालत आत येतं.

८. "वायरिंगची वही ठेवा" असं तुम्ही सांगता. त्यात लिहायचं काय?

साधी दोनशे पानी वही पुरे. गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून चिकटवा, शेजारी टेप धरून, म्हणजे पाइप जमिनीपासून किती उंचीवर आहे ते कळेल. प्रत्येक सर्किटची वायर कोणत्या मापाची, कोणत्या मेकची, कधी घातली. डीबीतला कोणता एमसीबी कशाचा. पंपाची अश्वशक्ती, कंडेन्सरचा आकडा, वाइंडिंग कधी भरलं. दर पावसाळ्यातला मेगरचा आकडा. बिलं मागच्या पाकिटात.

ही वही घरातच राहायला हवी, डीबीजवळ, प्लॅस्टिकच्या पिशवीत. वायरमन बदलतो, माहिती त्याच्याबरोबर निघून जाते आणि नवा माणूस अंदाजाने भिंत फोडतो. परदेशात मोठ्या इमारतींसाठी यालाच साहित्याचा पासपोर्ट म्हणतात.

९. जुन्या बाजारात चांगल्या कंपनीचे एमसीबी अर्ध्या किमतीत मिळतात. पुन्हा वापरणं हेच तर तत्त्व ना?

एमसीबी, आरसीसीबी आणि फ्यूजला हे तत्त्व लागू करायचं नाही. एमसीबीने आधी किती वेळा शॉर्टसर्किट तोडलं, आतले संपर्क किती जळले, स्प्रिंग किती सैल झाली, हे बाहेरून दिसत नाही. खटका वर-खाली होतो म्हणजे तो वेळेवर पडेल असं नाही. आरसीसीबी माणसाचा जीव वाचवण्यासाठी असतो, ३० मिलिअँपिअरची गळती झाली की त्याने तोडलंच पाहिजे.

तुमच्याच घरातला, तुमच्या माहितीतला, न भिजलेला एमसीबी एका डीबीतून दुसऱ्यात हलवायला माझी हरकत नाही. डीबीची पेटी, पट्टी, झाकण, गंज नसेल तर जरूर वापरा. आरसीसीबीचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. पडला नाही तर त्याच दिवशी बदला.

१०. पुराचं पाणी घरात शिरलं होतं. काय ठेवू, काय टाकू?

२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणमध्ये हा प्रश्न दारोदारी होता, आणि घाईत चुका झालेल्या मी पाहिल्या. एका दुकानातले एमसीबी धुऊन, पुसून, उन्हात ठेवून पुन्हा बसवले होते. नव्यासारखे दिसत होते. त्यातला एक मी फोडून दाखवला. आत स्प्रिंगभोवती वाशिष्ठीचा गाळ सुकून कडक झालेला. तो एमसीबी कितीही करंट गेला तरी पडला नसता.

म्हणून पाण्याखाली गेलेले एमसीबी, आरसीसीबी, स्विच, सॉकेट, एलईडी ड्रायव्हर (दिव्याला योग्य वीज देणारा डबा), इन्व्हर्टर आणि स्टॅबिलायझर हे सगळं बाद. मीटर भिजला असेल तर हात न लावता महावितरणला कळवा.

मोटर वाचते. पंप, मिक्सर, पंखा यांना गोड्या पाण्याने धुऊन, भट्टीत सुकवून, वार्निश देऊन, बेअरिंग बदलून पुन्हा चालवता येतं. मात्र घरी आणल्याबरोबर चालू करून बघू नका. ओल्या वाइंडिंगला वीज दिली की वाचणारी मोटरही जळते.

पाइपातल्या वायरीचं उत्तर पाणी कोणतं होतं त्यावर आहे. नदीचं पाणी थोडा वेळ होतं तर पाइप गोड्या पाण्याने धुवा, सुकू द्या, टोकं कापा आणि प्रश्न ४ प्रमाणे मोजा. महिन्याने पुन्हा मोजा. उधाणाचं खारं पाणी शिरलं असेल तर वायर काढाच. मल्टिस्ट्रँड वायरीत मीठ तारांच्या फटींतून आतवर चढतं आणि ते धुऊन निघत नाही.

११. पंखा हळू फिरतो. दुकानदार म्हणतो नवीन घ्या.

आधी कंडेन्सर बदला. साध्या छताच्या पंख्याला बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा असतो आणि खाऱ्या, गरम हवेत तोच आधी उतरतो. मेन बंद करून वायरमनचं दहा मिनिटांचं काम. आवाज येत असेल तर बेअरिंग. वास आला किंवा वाइंडिंग काळं पडलं तर भरून घ्या. मोटर भरणारी माणसं अजून आपल्या तालुक्यांच्या गावांत आहेत, हे कोकणाचं भाग्य समजतो मी. त्यांना काम मिळत राहिलं तरच त्यांची पुढची पिढी हे शिकेल. भरताना तार तांब्याचीच घालायला सांगा.

१२. मग चालू पंखा काढून बीएलडीसी (कमी विजेवर चालणारा, आत सर्किट बोर्ड असलेला पंखा) घेणं चूक की बरोबर?

तो पंखा वर्षात किती तास फिरतो, त्यावर आहे. जुना पंखा ७५ वॉट, नवा ३० वॉट धरा, फरक ४५ वॉट. रोज १२ तास, वर्षाचे ३०० दिवस फिरणाऱ्या पंख्यावर १६२ युनिट वाचतात. तो बदला. चाकरमान्याच्या बंद घरातला पंखा वर्षात ३० दिवस, १० तास फिरतो. तिथे साडेतेरा युनिट वाचतात. एवढ्यासाठी धडधाकट पंखा भंगारात घालणं मला मान्य नाही. नवा राहत्या घरात लावा, जुना गावाला न्या.

घेताना एक विचारा: सर्किट बोर्ड सुटा मिळतो का आणि किती वर्षं मिळेल? दमट हवेत बीएलडीसीचा बोर्ड आधी जातो. तो मिळाला नाही तर चांगली मोटर आणि पाती फुकट जातात. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, तिथे अनेक कंपन्यांची सुट्या भागांची आणि सेवेची माहिती मिळते.

१३. एलईडी बल्ब दुरुस्त करावेत का?

बल्बमधले बारीक एलईडी एका साखळीत असतात, एक गेला की सगळे विझतात. गेलेल्याला आडवी तार जोडून बल्ब पेटवतात, पण उरलेल्यांवर ताण वाढतो आणि तोही लवकर जातो. गेलेल्या जागी तसाच नवा एलईडी बसवला तर दुरुस्ती टिकते. हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. अनेक बल्बांत आतला बोर्ड थेट २३० व्होल्टला जोडलेला असतो, उघड्या बल्बला बोट लागलं तर जीवावर बेतेल.

त्यापेक्षा खरेदीतच विचार करा. छतात बंद पेटी बसवण्यापेक्षा साध्या होल्डरचा दिवा घ्या, किंवा ज्याचा ड्रायव्हर वेगळा निघतो असा पॅनेल घ्या. बहुतेक वेळा ड्रायव्हरच गेलेला असतो.

१४. जुन्या ट्यूब आणि सीएफएल कचऱ्यात टाकल्या तर काय बिघडतं?

त्यांत पारा असतो. फुटल्यावर तो हवेत आणि मग विहिरीच्या, खाडीच्या पाण्यात जातो. आपण मासे खाणारी माणसं, पारा फिरून ताटातच येतो. न फोडता, मूळ खोक्यात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून उभ्या ठेवा आणि प्रश्न १५ मधल्या वाटेने द्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये, पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराच्या परिषदेत, अशा नळ्यांचं उत्पादन २०२७ पर्यंत थांबवायचं ठरलं आहे, त्यामुळे आता नव्या घेऊ नका. जुन्या पट्टीला गंज नसेल तर चोक आणि स्टार्टर काढून तिच्यातच एलईडी ट्यूब बसते.

१५. भंगारवाला दारात येतो, पैसे देतो. अधिकृत केंद्र शोधत कुठे फिरू?

भंगारवाल्याला मी वाईट म्हणणार नाही. तांबं, पितळ, लोखंड, ॲल्युमिनियम वेगळं करून त्याला द्या. तो ते योग्य ठिकाणी पोचवतो, आणि वेगळं केल्यामुळे तुम्हाला भावही बरा मिळतो. त्याला देऊ नये असं म्हणजे सर्किट बोर्ड, ट्यूब, बॅटरी, फ्रिज आणि एसी. एसीचा गॅस तो हवेत सोडून देतो, बोर्ड आम्लात बुडवले जातात.

ई-कचरा नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. १०६ प्रकारच्या वस्तू परत गोळा करून नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे पोचवण्याची जबाबदारी त्यांनी उत्पादकावर टाकली आहे. म्हणून नवीन वस्तू घेताना दुकानदाराला "जुनी कोण नेणार?" हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. एकट्या घराचा माल थोडा असतो. वाडीने मिळून, गणपतीनंतर एक दिवस ठरवून गोळा केला, तर गाडी यायला तयार होते.

१६. तांबं काढायला वायर जाळली तर?

नका जाळू. वायरीच्या आवरणाचं पीव्हीसी प्लॅस्टिक जळताना हायड्रोजन क्लोराइड आणि डायऑक्सिन बाहेर पडतात, धूर माडा-पोफळीत शिरतो आणि पहिल्यांदा तो जाळणाऱ्याच्याच छातीत जातो. जळालेलं तांबं काळवंडतं, त्याला भाव कमी मिळतो. सोलायचं साधं हत्यार मिळतं, नाहीतर आवरणासकट विका.

१७. इन्व्हर्टरची बॅटरी प्रत्येक मे महिन्यात मेलेली सापडते. दर दोन वर्षांनी नवी घेतो.

बॅटरी वाईट नाही, तिला उपाशी ठेवलं जातं. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज न होता महिनोन्‌महिने पडली की पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि तो परत सुटत नाही. घर बंद करताना बॅटरी पूर्ण चार्ज करा, डिस्टिल्ड पाणी भरा, तारा काढा आणि शेजाऱ्यांकडे महिन्यातून एकदा चार्ज करायची सोय करा. वर्षातून एक महिना राहणार असाल तर इन्व्हर्टरची गरज आहे का, याचाही विचार करा.

मेलेली बॅटरी विक्रेत्यालाच परत द्या. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे ती परत घेणं ही उत्पादकाची जबाबदारी आहे. वजन कमी करायला आम्ल परसात ओतू नका. त्यातलं शिसं मातीत कायमचं राहतं.

१८. वादळात सोलर पॅनेलची काच तडकली, पण वीज येते. चालू ठेवू का?

नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोलीकडे हे पुष्कळांनी विचारलं. काचेला तडा गेला की पावसाचं पाणी आत जातं आणि चौकटीत वीज उतरू शकते. पॅनेलला बंद करायचं बटण नसतं, ऊन आहे तोवर त्यात विजेचा दाब असतोच. जाड ताडपत्रीने पूर्ण झाका, मग जाणकाराकडून सोडवा. काच दुरुस्त होत नाही. पॅनेलही ई-कचरा नियमांत येतात आणि उत्पादकांनी २०३४-३५ पर्यंतचे निकामी पॅनेल साठवून ठेवायचे आहेत, म्हणून बसवणाऱ्या कंपनीला लेखी कळवा.

काच शाबूत असलेला, पण शक्ती उतरलेला पॅनेल वेगळा. त्याचा व्होल्टेज आणि करंट मोजून तो बागेतल्या दिव्याला किंवा छोट्या पंपाला लावता येतो. नवीन घेताना आयईसी ६१७०१ ही खाऱ्या हवेची चाचणी पास आहे का ते कागदावर बघा.

१९. जुना अर्थिंगचा खड्डा आहे, पाइप दिसतोय. नव्या वायरिंगला तोच जोडला तर चालेल?

दिसतो तो वरचा हातभर पाइप. खाली जांभ्याच्या ओलीत तो किती उरला आहे ते मोजल्याशिवाय कळत नाही. मी खणून काढलेले काही पाइप पापडासारखे चुरले. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात आपल्याकडच्या तीन हजार मिलिमीटर पावसाने मीठ वाहून जातं, आणि राहिलेलं पाइपालाच खातं. अर्थ टेस्टरने मे महिन्यात मोजा, जांभा तेव्हा सगळ्यात कोरडा असतो. ऑगस्टचा आकडा फसवा असतो. वायरिंगचं मेगर पावसात आणि अर्थिंग उन्हाळ्यात, हे उलटंसुलटं वाटलं तरी कारण एकच, दोघांची परीक्षा त्यांच्या वाईट दिवसांत घ्यायची. आकडा खराब आला तर नवा, तांब्याचा जाड थर असलेला रॉड घाला. जुना पाइप पुन्हा वापरू नका.

२०. आमची सोसायटी पुनर्विकासाला जाते आहे. बिल्डर म्हणतो सगळं आम्ही पाडू.

करारात एक ओळ घालून घ्या: जेसीबी लागण्याआधी विजेचं सगळं सामान हाताने उतरवायचं आणि त्याची वजनासह यादी सोसायटीला द्यायची. एकदा स्लॅब पडला की तांबं राडारोड्यात मिसळतं आणि पंपाचं पॅनेल, केबल, मोटर, दिवे सगळ्याचा चुरा होतो. आधी महावितरणकडून पुरवठा रीतसर तोडून घ्या. उतरवणारा परवानाधारक ठेकेदार असावा. पाण्याचा पंप, लिफ्टची मोटर, जनरेटर यांना गिऱ्हाईक मिळतं, पण यादी आणि देखभालीच्या नोंदी असतील तरच चांगली किंमत येते.

२१. पितळी स्विच आणि जुने काचेचे दिवे होमस्टेमध्ये ठेवायचे आहेत. पाहुण्यांना आवडतात. हे धोक्याचं आहे का?

जुना पितळी झाकणाचा स्विच आहे तसा चालू ठेवणं धोक्याचंच आहे. आत तार सुटली तर झाकणातच वीज येते, आणि ओल्या हाताने, समुद्रावरून आलेला पाहुणा त्यालाच हात लावणार. दोन वाटा आहेत. तो स्विच नुसता दाखवायला ठेवा, तारा पूर्ण काढून, आणि काम शेजारच्या नव्या स्विचला द्या. किंवा त्याच्या खटक्याने १२ व्होल्टचा रिले (थोड्या विजेवर चालणारा आणि मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच) चालवा आणि २३० व्होल्ट डीबीतच राहू द्या. दुसरी वाट मला जास्त आवडते, कारण खटक्याचा तो जुना टक्‌ आवाज राहतो.

दिव्यांचं सोपं आहे. काच आणि पितळी बैठक ठेवा, आतला होल्डर आणि वायर नवी, बैठकीला अर्थची हिरवी तार, वर आरसीसीबी, आत कमी वॉटचा एलईडी. जुन्या काचेला उष्णता सोसत नाही, साठ वॉटच्या पिवळ्या बल्बने ती तडकायची. एलईडीने ती तडकत नाही. बैठकीचं पितळ चिंचेने घासून कोरडं करा आणि वर पारदर्शक लॅकरचा हात द्या, म्हणजे खाऱ्या वाऱ्यातही ते लवकर हिरवं पडणार नाही. लॅकर आतल्या बाजूला, जिथे अर्थची तार स्क्रूखाली बसते, तिथे मात्र लावू नका. तिथे धातूला धातू लागायला हवा.